प्रोजेक्टर घेता? खोक्यावरच्या आकड्याले भुलू नका

दर्यापूर, तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात प्रोजेक्टर चालवून पाहायला मिळणं कठीण, म्हणून बरेच जण ऑनलाइन मागवतात. सोयाबीनचा पैसा घालण्याआधी एवढं पाहा.

उजेड : नुसते ‘ल्युमेन्स’ पाहू नका, ‘अॅन्सी ल्युमेन्स’ पाहा. पडद्यावर पडणारा उजेड तोच. अंधाऱ्या खोलीत ३०० च्या आसपास चालते. दिवसा हजारांत लागते.

चित्र : ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे फोर-के नव्हे. ‘नेटिव्ह’ १९२०×१०८० असावं.

जागा : १०० इंची चित्र सव्वासात फूट रुंद येते. भिंत आधी मोजा.

वीज : व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

सर्व्हिस सेंटर अकोल्यात, अमरावतीत की नागपूरला, हे आधीच विचारा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. फसलात, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.