प्लेगचे घर कोणी धुतले?

घरात कोणी वारले की घर धुऊन काढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. प्रेत उचलले गेले की मागे राहिलेल्या बायका जमीन सारवतात, मयताचे अंथरूण-पांघरूण वेगळे काढतात, दिवस झाले म्हणजे घर पुन्हा एकदा स्वच्छ करतात आणि मग सुतक फिटते. हे काम घरच्या माणसांचे, फार तर भाऊबंदांचे. परंतु १८९६-९७ साली मुंबईत आणि पुण्यात हे काम सरकारने आपल्या हाती घेतले, आणि तेही हजारो घरांत. ते कसे केले, त्यातून काय निघाले आणि ते कोणाच्या हातून झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी प्लेगचा रोगी ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्यातील हडफड्याचे. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये सापडला होता. म्हणजे चोर कोण हे ठाऊक झाले होते; पण तो या घरातून त्या घरात जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा, ओल धरलेल्या भिंती आणि जमीन यांतच रोग दडून बसतो, असे बहुतेक जाणत्यांचे मत होते. तेव्हा त्यांच्या लेखी शत्रू कोण ठरला? घर!

मग घरावर स्वारी सुरू झाली. बंबांनी पाण्याचे लोट खोल्यांतून सोडले. कार्बोलिक आणि रसकापुराचे पाणी भिंतींवर, जमिनीवर मारले. वरून चुन्याचा हात दिला. ऊन आणि वारा आत यावा म्हणून छपराची कौले उतरवली. रोग्याच्या वाकळा, चिंध्या, कपडे रस्त्यात आणून जाळले. आणि मुंबईतल्या ज्या घरात माणसाने राहू नये असे ठरले, त्याच्या दारावर यू. एच. एच. ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली. बिचाऱ्या घरवाल्याला त्या अक्षरांचा अर्थ कळत नसे. आपले घर गेले एवढे मात्र कळे.

आता हे काम प्रत्यक्ष करीत कोण होते? हुकूम साहेबाचा, पण हात कोणाचे? ते हात होते नगरपालिकेच्या दप्तरात ज्यांना ‘हलालखोर’ म्हणत त्या सफाई कामगारांचे आणि रोजावर लावलेल्या बिगाऱ्यांचे. लोक मुंबई सोडून पळू लागले होते. त्या वेळी नगरपालिकेचे कमिशनर स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती कशाची होती, माहीत आहे? हलालखोर पळून जातील याची. ते गेले तर शहर राहण्यालायक उरणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस त्यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे नियमसुद्धा ढिले केले. ज्यांची सावली लोक टाळीत, त्यांच्या पायावर सबंध मुंबई उभी होती ती अशी! इतिहासाच्या पुस्तकांत मात्र त्यांची नावे आपल्याला सापडत नाहीत.

पुण्याची हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. मग रँडसाहेबाची कमिटी नेमली गेली आणि मार्चपासून मेपर्यंत गोरे सोजीर घरोघर शिरले. स्वयंपाकघरात, देवघरात बुटासकट जाणे, बायकांना चारचौघांसमोर तपासणे, सामानसुमान बाहेर फेकणे, अशा तक्रारींचा पाऊस पडला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच्याबरोबरचा आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला मेला. पुढचे खटले आणि फाशी यांचा इतिहास सर्वश्रुत आहे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मुलांना एवढे जरूर सांगावे, की या सगळ्याच्या मुळाशी घर साफ करण्याचा प्रश्न होता. साफसफाई नको असे कोणीच म्हणत नव्हते. टिळकांनी स्वतः पुण्यात प्लेगच्या इस्पितळाच्या कामी पुढाकार घेतला होता. लोकांचे म्हणणे एवढेच होते की, आमच्या घरात याल तर माणसासारखे या.

बरे, एवढे करून रोग हटला का? नाही. आणि तो का हटला नाही, याचे उत्तर पुढे मिळाले. १८९८ साली कराचीत सीमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले की, उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. त्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पण १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत मोठे संशोधन झाले. प्लेगच्या घरात गिनीपिग ठेवले. उघडे ठेवलेले मेले. शेजारीच बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, जिथे पिसू शिरू शकत नव्हती, ते जगले. हवा तीच, भिंती त्याच, जमीन तीच! आणखी एक गोष्ट ऐका. शेणाने सारवलेल्या जमिनीवर प्लेगचे जंतू मुद्दाम घातले, तर दोन दिवसांपलीकडे त्या जमिनीपासून रोग होईना. म्हणजे ज्या जमिनीला गुन्हेगार ठरवून रसकापूर पाजला, ती बिचारी निर्दोष होती. उलट पाण्याच्या लोटाने उंदीर मात्र पळाले. ते कुठे गेले? शेजारच्या घरात. आपल्या पिसवा बरोबर घेऊन!

खेड्यापाड्यांतल्या माणसांनी हे शास्त्र वाचलेले नव्हते. पण ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द कानी आले की गाव घरे सोडी आणि रानात खोपटी घालून राही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची भुकेली पिसू दुसरे अंग शोधते. घरात माणूसच नसेल तर ती चावणार कोणाला? बंब आणि चुना यांपेक्षा ही रानातली खोपटी पुष्कळदा अधिक उपयोगी पडली. मात्र पळताना जी बोचकी बरोबर गेली, त्यांतून पिसवाही दुसऱ्या गावी गेल्या, हेही खरे.

याच काळात पुण्याजवळ ससाण्यांच्या माळावर यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. सावित्रीबाई तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सक्तीने घरात शिरणारे हात आणि मायेने रोग्याला उचलणारे हात, दोन्ही एकाच महिन्यात, एकाच पुण्यात होते.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. १८९७ चाच कायदा २०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा कामी आला. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेली येथे, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. प्लेगच्या वेळी रोग घरात आहे असे समजून घरावर बंब सोडला; या वेळी तर माणसावरच सोडला. आणि त्याच साथीत मयताच्या खोल्या पुसणारे, प्रेते स्मशानात पोहोचवणारे कामगार आपल्यापैकी कितीजणांना नावाने ठाऊक आहेत?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. तालुक्याच्या कचेरीत जुनी कोतवाल बुके जपलेली असतात. पुष्कळशी मोडीत आहेत. आपल्या गावच्या बुकात प्लेगच्या वर्षांची पाने सापडली, तर ती वाचून घ्यावी आणि मुलांना मोजू द्यावे, एका महिन्यात किती नावे आहेत, एकाच घरातली किती आहेत. मग त्यांना एक प्रश्न विचारावा: या घरांतून प्रेते कोणी उचलली असतील, आणि मागून ती घरे कोणी धुतली असतील? त्याचे उत्तर बुकात लिहिलेले नसेल. ते आपणच मुलांना सांगायचे आहे.