पंधरा मिनिटांची फेरीबोट आणि साठ वर्षांचा किल्ला

जूनमध्ये फिनलंडला जायचं नक्की झालं आणि घरात एक्सेल शीट उघडली गेली. (ही आमच्या व्यवसायाची खोड.) हेलसिंकीत चार दिवस, त्यात एक दिवस बोटीचा. बायकोचं मत ताल्लिन: साधारण ८० किलोमीटर समुद्र, दोनेक तासांचा प्रवास, शिवाय एस्टोनियाही शेंगेनमध्ये असल्याने वेगळ्या व्हिसाची भानगड नाही. माझं मत सुओमेनलिन्ना. हेलसिंकीच्या बाजार चौकातून फेरीबोट सुटते, पंधरा मिनिटांत बेटावर. शहराच्या बस-ट्रामचं तिकीटच तिथे चालतं.

एवढ्याशा प्रवासाला एवढं काय, असं तिने विचारलं. त्याचं उत्तर म्हणून हा लेख.

सुओमेनलिन्ना म्हणजे बेटांवर पसरलेला जलदुर्ग. फिनलंड तेव्हा स्वीडनचा भाग होता आणि रशियाची भीती होती, म्हणून १७४८ साली ऑगस्टिन एरेन्सव्हर्ड या अधिकाऱ्याने बांधकाम सुरू केलं. नाव ठेवलं स्वेआबोर्ग, म्हणजे स्वीडनचा किल्ला. नुसत्या भिंती नव्हेत बरं का, जहाजं बांधायची कोरडी गोदीसुद्धा आत. काम दशकानुदशकं चाललं. सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला हे वाचूनच तिथे जावंसं वाटणार.

आणि मग १८०८. फेब्रुवारीत रशियाने हल्ला केला, मार्चच्या सुरुवातीला हेलसिंकी घेतलं. समुद्र गोठलेला, त्यामुळे स्वीडनहून मदत येणं अशक्य. किल्लेदार होता व्हाइस अ‍ॅडमिरल कार्ल ओलोफ क्रोनस्टेट, १७९०च्या स्वेन्स्कसुंडच्या आरमारी लढाईतला नावाजलेला वीर. हाताशी सहा-सात हजार माणसं, शेकडो तोफा. एप्रिलमध्ये त्याने रशियनांशी करार केला: ३ मेच्या दुपारपर्यंत स्वीडनची पाच मोठी लढाऊ जहाजं बंदरात आली नाहीत, तर किल्ला तुमचा.

हे कलम मी दोनदा वाचलं. आमच्या भाषेत सांगायचं तर याने टाइमआउट लावला, पण निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागेल याचा हिशेबच धरला नाही! निरोप्यांना स्टॉकहोमला जायचं ते रशियनांच्या ताब्यातल्या मुलखातून, आणि रशियनांनी त्यांना रखडवलं. निरोप वेळेत पोचला असता तरी बर्फातून पाच जहाजं कोण आणणार होतं? ३ मे उजाडला, जहाजं नाहीत, किल्ला गेला. त्याबरोबर तिथला आरमाराचा ताफाही.

फितुरी की घाबरटपणा? यावर दोनशे वर्षं वाद चालू आहे. लाच घेतल्याचं सिद्ध झालेलं नाही. दारूगोळा पुरणार नाही अशी त्याची समजूत होती, आत सैनिकांची बायकापोरं होती, स्टॉकहोमच्या दरबाराबद्दल मनात राग होता. रशियन घासाघिशीत मुरलेले होते, हेही खरंच. स्वीडनने त्याला देहदंड ठोठावला. तो अमलात आला नाही. पुढे रुनेबर्ग या कवीने त्याला कवितेत असं धारेवर धरलं की फिनलंडमध्ये बदनामी कायमची चिकटली. मला स्वतःला तो फितूर वाटत नाही. आत्मविश्वास गेलेला, थकलेला माणूस वाटतो. पण अशा माणसाच्या हाती किल्ला असणं जास्त घातक, असंही वाटतं.

गंमत पुढे आहे. १८०९ साली सगळा फिनलंड रशियाकडे गेला, पण झारने त्याला स्वायत्त राज्य म्हणून ठेवलं आणि १८१२ साली राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला आली. १९१७च्या स्वातंत्र्याची वाट याच स्वायत्ततेतून निघाली. पडलेल्या किल्ल्याचं हे फळ क्रोनस्टेटच्या नावावर कुणी जमा करत नाही, आणि करूही नये.

किल्ल्याचे भोग मात्र संपले नाहीत. क्रिमियन युद्धात, ऑगस्ट १८५५ मध्ये, इंग्रज-फ्रेंच आरमाराने त्यावर दोन दिवस तोफा डागल्या. १९१८ साली फिनलंडच्या यादवीनंतर इथे हरलेल्या लाल पक्षाच्या लोकांची छावणी होती. सुओमेनलिन्ना, म्हणजे फिनलंडचा किल्ला, हे नाव त्याच वर्षीचं. अशा वर्षी असं नाव! १९९१ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे, आणि आजही तिथे काही शे लोक राहतात.

एरेन्सव्हर्डची कबर किल्ल्याच्या चौकात आहे, आराखडा खुद्द राजा तिसऱ्या गुस्तावचा. क्रोनस्टेट १८२० साली हेर्तोनिएमीच्या आपल्या वाड्यात वारला. हेर्तोनिएमी आता हेलसिंकीच्या मेट्रोवरचं एक स्टेशन आहे. तेही शीटमध्ये टाकलंय. ताल्लिनचं अजून ठरायचंय.