गिअरपेटींतील तेल

मोटारीच्या इंजिनाचें तेल बदलावें लागतें, हें बहुतेक मालकांना ठाऊक असतें. परंतु इंजिनामागें एक बंद पेटी असते, तींत दांतेरी चाकें फिरतात आणि त्यांचें तेल अगदीं निराळें असतें, याची दखल फार थोडे घेतात. हातानें गिअर बदलावयाच्या चपळ मोटारी, ज्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणतात, त्या बाळगणारे हौशी लोक मात्र हें तेल घरच्या घरींच बदलतात. काम अवघड नाहीं. अवघड आहे ती तेलाची निवड. ती अवघड कां झाली, हें समजण्यास शंभराहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

१८९१ च्या सुमारास फ्रान्समध्यें एमिल लव्हासोर यानें आपल्या मोटारींत सरकत्या चाकांची योजना केली. समांतर दांड्यांवर लहानमोठीं चाकें. एक चाक सरकवून दुसऱ्याच्या दांतांत घुसवावयाचें. दोहोंची गति जुळली नाहीं कीं दांतांवर दांत आपटत. प्रारंभीं तर हीं चाकें उघडींच असत, आणि रस्त्याची धूळ त्यांवर बसे. पुढें त्यांना पेटींत घालून वंगणांत बुडविण्याची रीत पडली. त्या वंगणाचें काम एकच, पोलादावर पोलाद घासूं न देणें. आपला गाडीवान कण्याला वंगण देतो तें याचसाठीं. तेल जाड असलें म्हणजे पुरे होई.

सारी कसरत चालकाला करावी लागे. खालचा गिअर घालतांना एकदां क्लच दाबावा, सोडावा, इंजिनाची गति वाढवावी, पुन्हां दाबावा. ही कटकट मिटविली ती अर्ल टॉम्सन या अमेरिकन गृहस्थानें. त्याची सिंक्रोमेश ही योजना १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत आली. तींत दांत जुळण्यापूर्वीं आंतून निमुळतें असलेलें एक कडें चाकाच्या निमुळत्या भागावर दाबलें जातें आणि घर्षणानें दोहोंची गति सारखी करतें. पुढें हीं कडीं बहुधा पितळेसारख्या धातूचीं होऊं लागलीं. गंमत पहा, तेल घालावयाचें घर्षण टाळण्यासाठीं, आणि या कड्याचें तर घर्षणाशिवाय चालत नाहीं!

याच सुमारास मोटारीच्या मागील बाजूस दुसरी घडामोड चालली होती. १९२६ सालीं पॅकार्ड कंपनीनें मागच्या आंसाला हायपॉइड जातीचीं चाकें लाविलीं. यांत इंजिनाकडून येणारा दांडा मोठ्या चाकाच्या मध्याला न भिडतां जरा खालून भिडतो. त्यामुळें मोटार बुटकी करतां आली. परंतु हे दांत एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, जबर दाबाखालीं घसरतात. साध्या तेलाचा पापुद्रा तेथें फाटून जातो. मग रसायनज्ञांनीं तेलांत गंधक, फॉस्फरस अशीं द्रव्यें घातलीं. दांत तापले कीं हीं द्रव्यें पोलादाशीं संयोग पावून एक पातळ थर निर्माण करतात, आणि दांतांऐवजीं तो थर झिजतो. अशा तेलांत गंधक मुरविलेलें देवमाशाचें तेलही वापरीत असत. १९७० सालीं अमेरिकेनें तो मासा संरक्षित ठरविल्यावर त्याला पर्याय शोधावे लागले.

गंधकानें पोलाद वांचलें, पण तांब्याशीं गंधकाचें जुनें वैर. गंधकाच्या वाफेनें तांब्याचें भांडें काळें पडतें, तें आपण पाहतों. तेव्हां मागच्या आंसाला तारणारें तेल पुढच्या पेटींतील पितळी कडीं खाऊं लागलें. म्हणून तेलांच्या श्रेणी निरनिराळ्या झाल्या: जी. एल. चार सौम्य, जी. एल. पांच तीव्र. वर्गाचा आंकडा वाढला कीं माल अधिक चांगला, असें समजून पांच क्रमांकाचें तेल जुन्या पेटींत ओतणारे लोक आहेत! अलीकडील तीव्र तेलें पितळेला पूर्वींइतकीं बाधत नाहींत, हें खरें. परंतु फार निसरडें तेल कड्याची पकड ढिली करतें, ही अडचण उरतेच.

१९८९ सालीं निघालेली जपानची माझदा एम्‌. एक्स्‌. पांच ही दोन आसनांची मोटार घ्या. हिच्या पहिल्या पिढीच्या पुस्तकांत गिअरपेटीसाठीं दोन्ही श्रेणींना मुभा आहे. तरीही जाणते मालक चार क्रमांकाचें तेल पसंत करतात, आणि मला तें योग्य वाटतें. पांच गिअरांच्या पेटींत सुमारें २ लिटर तेल मावतें.

मोटार थोडी फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होतें. मग ती चारही बाजूंनीं भक्कम घोड्यांवर समपातळींत उभी करावी. नुसत्या जॅकवर विसंबून खालीं शिरणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें. प्रथम वरचें, भरण्याचें बूच सोडवावें. खालचें आधीं उघडून तेल सांडलें आणि वरचें गंजून बसलें असलें, तर मोटार जागची हलवितां येत नाहीं. निघालेलें तेल उजेडांत पाहावें. बुचाच्या लोहचुंबकावर करडा लेप असणें स्वाभाविक आहे. पण तेलांत सोनेरी कण चमकले तर कडीं झिजत आहेत असें समजावें, आणि त्या झिजेला नवें तेल भरून काढूं शकत नाहीं.

खालचें बूच नव्या चकतीसह बसवून वरच्या भोंकांतून पिचकारीनें तेल भरीत जावें. तें भोंकाच्या कांठाशीं येऊन ओघळूं लागलें कीं पेटी भरली. ओघळ थांबल्यावर बूच आवळावें. पहिल्याच थंड सकाळीं दुसरा गिअर घालून पाहावा. या मोटारींत कुरकुर असलीच तर ती बहुधा तेथेंच ऐकूं येते.