बागेतले राजकारण

लोक बाग बघायला येणार, त्यांना भूक लागणार आणि रात्री मुक्कामाला जागा हवी असणार, हा हिशेब लॉर्ड कोबम यांनी १७१७ मध्येच केला होता. बकिंगहॅमशायरमधल्या आपल्या स्टो इथल्या बागेबाहेर त्यांनी पाहुण्यांसाठी ‘न्यू इन’ ही सराई बांधली. पुढे १७४४ मध्ये, बकिंगहॅम गावात सुलेखन शिकवणाऱ्या बेंटन सीली यांनी बागेचे वर्णन करणारी पुस्तिका काढली. तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

पुस्तिका लागायचीच, कारण स्टोमध्ये नुसती झाडे आणि तळी बघून भागत नसे; तिथल्या वास्तूंमध्ये राजकारण दडलेले होते.

१७३३ मध्ये कोबम यांनी पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या दारू-तंबाखूवरच्या अबकारी विधेयकाला विरोध केला आणि त्यापायी आपल्या पलटणीचे नेतृत्व गमावले. हा राग त्यांनी बागेत काढला. विल्यम केंट यांनी आखलेल्या भागात प्राचीन सद्गुणांचे देखणे, गोल मंदिर उभे राहिले. आत होमर, सॉक्रेटिस, लायकर्गस आणि एपॅमिनोंडस या थोर ग्रीकांचे पुतळे. जवळच आधुनिक सद्गुणांचे मंदिर, मुद्दाम पडके बांधलेले, आणि त्यात बिनमुंडक्याचा पुतळा. वॉलपोल तेव्हा सत्तेवर होते, त्यामुळे पुतळा कोणाचा हे पाहुण्यांना सांगावे लागत नसे.

पाण्यापलीकडे १६ थोर ब्रिटिशांचे अर्धपुतळे असलेली वास्तू आहे. न्यूटन, शेक्सपिअर, मिल्टन तर आहेतच, पण राजाने लादलेला कर नाकारणारे जॉन हॅम्पडनही आहेत. बाई एकच, राणी एलिझाबेथ. याच वास्तूच्या पाठीमागे सिन्योर फिदो या कुलीन इटालियनाचा मृत्युलेख आहे: इमानी मित्र, प्रेमळ नवरा वगैरे. शेवटच्या ओळीत कळते, की हे सद्गृहस्थ म्हणजे ग्रेहाउंड कुत्रा! कोबम यांचा राग खरा होता, पण विनोदबुद्धी शाबूत होती, असेच म्हणावे लागेल.

कोबम यांच्या वारसांना मात्र थाट पेलला नाही. १८४८ मध्ये त्यांच्यापैकी कर्जात बुडालेल्या एका ड्यूकच्या स्टोमधल्या वाड्यातील सामानाचा लिलाव ४० दिवस चालला. १९२३ पासून वाड्यात शाळा भरते. बाग आता नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

जुन्या काळीही सगळेच पाहुणे भारावून गेले असे नाही. एप्रिल १७८६ मध्ये थॉमस जेफरसन आणि जॉन ॲडम्स हे अमेरिकी नेते आले. थॉमस व्हेटली यांचे उद्यानकलेवरचे पुस्तक जेफरसन यांच्या हातात होते. त्यांना वाड्याकडे जाणारा सरळसोट रस्ता खटकला आणि कॉरिन्थियन कमान बिनकामाची वाटली. ॲडम्स यांची तक्रार वेगळीच होती: बॅकस आणि व्हीनसची मंदिरे कशाला? दारू आणि प्रणयासाठी माणसाला आणखी चिथावणी लागत नाही, असे त्यांनी डायरीत नोंदवले.