पराभूत मित्राच्या वसाहती आणि मादागास्करची मोहीम

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला आणि ब्रिटनने आपला प्रमुख मित्र गमावला. तथापि फ्रान्सचे साम्राज्य पश्चिम आफ्रिकेपासून इंडोचायनापर्यंत पसरलेले होते. तेथील बंदरे व नाविक तळ शत्रूच्या हाती पडू नयेत, यासाठी लंडनमध्ये योजना आखल्या जाऊ लागल्या. अडचण अशी, की या वसाहती शत्रूच्या नव्हत्या. कालच्या मित्राच्या होत्या.

वसाहतींनी जनरल द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्सच्या बाजूने यावे, हा सर्वांत सोयीचा मार्ग होता. ऑगस्ट १९४० मध्ये फेलिक्स एबुए यांच्या नेतृत्वाखालील चाड आणि सप्टेंबरमध्ये पुद्दुचेरी यांनी तो स्वीकारला. परंतु त्याच सप्टेंबरात डाकार येथे द गॉल यांना सोबत घेऊन केलेली मोहीम फसली. विशी सरकारशी एकनिष्ठ असलेल्या सैन्याने तोफांनीच उत्तर दिले.

मादागास्करही विशी सरकारच्या ताब्यात होते. इंडोचायनातील विशी प्रशासनाने १९४० व १९४१ मध्ये जपानी सैन्याला प्रवेश दिला होता. तेच मादागास्करमध्ये घडेल, अशी भीती होती. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमाराने कोलंबो व त्रिंकोमालीवर हवाई हल्ले केल्यावर ती बळावली. भूमध्य समुद्रातील वाहतूक धोक्यात असल्याने इजिप्त व हिंदुस्थानकडे जाणारी ब्रिटिश जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून येत. बेटाच्या उत्तर टोकावरील दिएगो-सुआरेझ हे बंदर जपानला मिळाले असते, तर हा मार्गच संकटात आला असता. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांचाही कारवाईसाठी आग्रह होता.

५ मे १९४२ रोजी ‘ऑपरेशन आयर्नक्लॅड’ सुरू झाले. बंदराच्या तोंडावर हल्ला न करता सैन्य पश्चिम किनाऱ्यावर उतरवून बंदर पाठीमागून घेण्यात आले. डाकारच्या अनुभवामुळे द गॉल यांना आधी काहीही कळवले नव्हते. ७ मेपर्यंत बंदर ब्रिटिशांच्या हाती आले. ३० मे रोजी जपानच्या छोट्या पाणबुड्यांनी तेथेच ‘रॅमिलीज’ या युद्धनौकेचे नुकसान केले व एक तेलवाहू जहाज बुडवले. जपानी धोका काल्पनिक नव्हता, हे त्यातून दिसले.

मूळ योजना मात्र बंदरापुरतीच होती. उर्वरित बेटासाठी गव्हर्नर आर्मां आने यांच्याशी झालेल्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या. सप्टेंबरमध्ये पुन्हा सैन्य उतरवावे लागले आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये आने यांनी शस्त्रे खाली ठेवली. बेट फ्रान्सचेच राहील, असे आश्वासन ब्रिटनने दिले होते. त्यानुसार जानेवारी १९४३ मध्ये स्वतंत्र फ्रान्सचे जनरल लझांतिऑम यांनी कारभार हाती घेतला.

लष्करी दृष्टीने मोहीम यशस्वी झाली आणि मित्राला दिलेला शब्दही पाळला गेला. पण बेट कोणाकडे राहावे, हे ठरवताना मालागासी जनतेला कोणी विचारले नाही. १९४७ मध्ये तेथे फ्रेंच सत्तेविरुद्ध मोठा उठाव झाला. तो निष्ठुरपणे चिरडण्यात आला. मादागास्कर स्वतंत्र होण्यास १९६० साल उजाडावे लागले.