नगररचनेचा कायदा आणि हवेचा हिशेब

मुळशी तालुक्यांतील चांदे हें गांव हिंजवडीच्या उद्योगनगरीजवळ असून पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेंत येतें. शहर अशा गांवाच्या वेशीशीं आलें असतां नगररचनेच्या कायद्याचा पूर्वेतिहास पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला, आणि दाटीच्या चाळींत उजेड व वारा शिरत नाहीं ही गोष्ट सरकारच्या ध्यानीं आली. १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढें १९१५ मध्यें मुंबई इलाख्यांत हिंदुस्थानांतील पहिला नगररचना कायदा झाला. त्याची युक्ति मार्मिक होती: वेडेवांकडे तुकडे एकत्र करावयाचे, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या, आणि उरलेली जमीन नव्या आकारानें मूळ मालकांसच परत द्यावयाची. १९५४ व १९६६ च्या कायद्यांनीं हीच दृष्टि सबंध शहरापर्यंत आणि मग प्रदेशापर्यंत नेली. परंतु हेतु आरोग्याचा व सोयीचा होता. गिरणीचा धूर डोळ्यांस दिसे. कर्बवायु दिसत नसल्यामुळें त्याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं.

वस्तुतः तो हिशेब नकाशांतच मांडला जातो. घर एकीकडे, कचेरी दुसरीकडे आणि शाळा तिसरीकडे पडली, कीं प्रत्येक कुटुंबास रोज पेट्रोल जाळणें भाग पडतें. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित नियमावलींत मेट्रो स्थानकांच्या परिसरांत अधिक चटईक्षेत्राची, आणि इमारतींवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविण्याची तजवीज आहे. कोणी म्हणेल, दाट वस्तीनें प्लेगच्या काळची कोंडी परत येईल. आक्षेप खोटा नव्हे. म्हणूनच उजेड, वारा, झाडें व पदपथ यांचे जुने नियम सैल होतां कामा नयेत.

मुळशीस शहराच्या गरजेचा अनुभव नवा नाहीं. १९२१ मध्यें टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट त्याचे अग्रणी. मावळ्यांचीं शेतें अखेर बुडालीं, आणि त्या पाण्याची वीज मुंबईस गेली. त्या विजेस धूर नव्हता, पण तिची किंमत भलत्यांनींच भरली. हवा स्वच्छ राखणारा नियम न्याय्यच असेल, असें यावरून म्हणवत नाहीं. १९१५ च्या कायद्यांतील जमीन मालकांस परत देण्याचें तत्त्व म्हणूनच आम्हांस मोलाचें वाटतें.

इमारत चुकली तर पाडतां येते. रस्त्याची आंखणी मात्र पिढ्यान्पिढ्या हलत नाहीं. चांदेसारख्या गांवांत विचार करावयाचा तो रेघ ओढण्यापूर्वींच.