भिंतीवरची कुंभारीण आणि गिरगावचे दोन डॉक्टर

लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा. आजच्या गोष्टीतलं मुख्य पात्र फार बारीक आवाजात गुणगुणतं.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर... कुठल्याही जुन्या चाळीत जा. दाराच्या चौकटीवर, मीटरच्या पेटीमागे किंवा माळ्यावरच्या सामानात मातीचा एक सुकलेला गोळा चिकटलेला दिसेल. ते कुंभारणीचं घर. त्याच चाळीच्या पत्र्याखाली, एका बारीक देठाला, करड्या कागदाची उलटी छत्री लटकलेली असते. ती गांधीलमाशीची. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र दोघींसाठी एकच मेसेज पडतो : "पोळं झालंय, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा."

मला ही गल्लत खटकते. एक तर त्यात विनाकारण विषारी फवारा मारला जातो. दुसरं म्हणजे, त्या मातीच्या गोळ्याला आपल्या भाषेत साडेचारशे वर्षांचा लेखी इतिहास आहे.

एकनाथ महाराजांनी 1573 मध्ये काशीत एकनाथी भागवत पूर्ण केलं. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही टीका. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर अशी मोठमोठी मंडळी आहेत, आणि शेवटचा, चोविसावा गुरू कोण, तर ही मातीचं घर बांधणारी माशी! ती एक अळी उचलून आणते, घरात कोंडते आणि दार लिंपून टाकते. आतली अळी भीतीने सतत तिचंच ध्यान करते आणि करता करता तीच माशी होते. ज्याचं ध्यान कराल ते व्हाल, हा त्यातला बोध. कीर्तनातून हा दृष्टांत गावोगाव गेला, आणि कोकणातून, घाटावरून मुंबईत कामाला आलेल्या माणसांबरोबर तो चाळीतही आला. माझी आजी लालबागच्या चाळीत ते घर कुणाला पाडू द्यायची नाही. "आत मंत्र चाललाय," म्हणायची.

आता 'अंधश्रद्धा' म्हणून हसायच्या आधी जरा थांबा. हे सांगणाऱ्यांनी बघितलं अगदी नीट होतं. माशी खरंच अळी आणते. दार खरंच लिंपते. काही आठवड्यांनी त्याच घराला भोक पाडून खरंच माशी बाहेर येते. आणि ते गुणगुणणंही खरं आहे : ओला चिखल बसवताना ती अंग थरथरवते, त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. निरीक्षण पक्कं होतं, फक्त बंद दारामागे काय चाललंय ते कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

गंमत म्हणजे हीच समजूत चीनमध्येही होती. तिथल्या अतिशय जुन्या काव्यसंग्रहात ही माशी अळीला उचलून नेते, आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला की ती अळीला दत्तक घेते. दत्तक मुलाला चिनी भाषेत त्या अळीचंच नाव पडलं! मग पाचव्या-सहाव्या शतकात ताओ होंगजिंग नावाच्या विद्वानाने घरटी तपासली आणि सांगितलं, दत्तकबित्तक काही नाही. माशी आत स्वतःचं अंडं घालते आणि अळी हा तिच्या पिल्लाचा डबा आहे. युरोपात पुढे झां-आंरी फाब्र यांनी याच कुळातल्या शिकारी माश्यांचा पिच्छा पुरवला. त्यांच्या कीटकांवरच्या ग्रंथमालेचा पहिला भाग 1879 चा. माशी भक्ष्याला डंख मारते ती ठार करायला नाही, लुळं करायला. म्हणजे डबा ताजा राहतो. फ्रिज नसताना याहून चांगली सोय कुठली? आपल्याकडच्या कुंभारणींमध्येही काही अळ्या भरतात आणि काही फक्त कोळी.

आणि आता आपल्या गिरगावात येऊ.

15 सप्टेंबर 1883. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं म्युझियम, आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथे आठ माणसं जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू केली. बीएनएचएस म्हटलं की आपल्याला सलीम अली आठवतात, पण ते खूप नंतर आले. या आठांत सहा साहेब होते आणि दोन मराठी डॉक्टर : आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि सखाराम अर्जुन.

आत्माराम पांडुरंग म्हणजे 1867 मध्ये प्रार्थना समाज स्थापन करणारे. गिरगावात बसमधून 'प्रार्थना समाज'ला उतरता ना, तोच. या समाजाने मूर्तिपूजा सोडली, पण संतांना सोडलं नाही. तुकोबांचे अभंग त्यांच्या उपासनेत होते. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. ते रखमाबाईंचे सावत्र वडील. बालविवाह नाकारून नवऱ्याकडे नांदायला न जाणाऱ्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या त्याच रखमाबाई. तो खटला चालू असताना, 1885 मध्ये, सखाराम अर्जुन गेले. त्यांच्यावर एक वेगळा भाग करायलाच हवा.

हे दोघे काही माश्यांचे अभ्यासक नव्हते. मला त्यांच्यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. एका बाजूला अभंग आणि दुसऱ्या बाजूला भिंग, दोन्हींना गिरगावातल्या एकाच माणसाच्या आयुष्यात जागा होती. भांडण लावायची गरज त्यांना वाटली नाही.

माश्यांकडे बघणारा माणूस त्याच आठांत होता : एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म साताऱ्याचा, 1851 चा, नोकरी कस्टम्स आणि मीठ खात्यात. 'ईएचए' या नावाने लिहायचा. 1883 मध्येच त्याचं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' आलं. सरहद्दीवरच्या टोळ्या म्हणजे कोण, तर बंगल्यात घुसणारे उंदीर, डास, पाली, मुंग्या! मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरही त्यात अख्खं प्रकरण आहे. विनोदी आहे, पण बघणं पक्कं. 1886 मध्ये सोसायटीचं जर्नल सुरू झालं, आणि 1897 मध्ये बिंगहॅम यांचा हिंदुस्थानातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवरचा जाडजूड ग्रंथ आला. नावं, रंग, पट्टे, सगळं नोंदलं गेलं. चाळीपर्यंत त्यातलं फारसं काही पोचलं नाही. चाळीत पोचली ती भीती, आणि नंतर स्प्रेची बाटली.

म्हणून आता कामाचं बोलू.

कागदी पोळंवाली गांधील टोळीने राहते. मधमाशीचा काटा आपल्या अंगात अडकतो, हिचा अडकत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते. लाकूड कुरतडून, थुंकीत मळून ती तो कागद बनवते. आपल्याकडच्या खिडक्यांवर नेहमी दिसणारी एक बारीक तपकिरी जात आहे, रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळुरूच्या आयआयएस्सीमध्ये राघवेंद्र गदगकरांनी तिच्यावर कित्येक वर्षं काम केलं. तिची राणी दादागिरी करणारी नाही, उलट पोळ्यातली शांत बाई असते! पण पोळ्याला धक्का लागला की शांतता संपली. गॅलरीत, मुलांच्या हाताशी, जिन्याच्या तोंडावर पोळं असेल तर जाणकार माणसाकडून ते काढूनच घ्या, त्यात हळवेपणा नको. दगड, झाडू, पाण्याची पिचकारी नको. आणि आमच्या आधीच्या पिढीचा रॉकेलच्या बोळ्याचा उपाय तर लाकडी चाळीत अजिबात नको. माशीपायी मजला पेटायचा.

डसलीच तर आजी लोखंड घासायची. त्याने गार वाटतं, बाकी काही होत नाही. साबणाने धुवा, बर्फ लावा. पण ओठ किंवा चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला, चक्कर आली तर घरगुती काही करत बसू नका. टॅक्सी पकडा आणि केईएम, नायर, जे जवळ असेल ते गाठा.

कुंभारीण मात्र एकटी असते. तिला राखायला टोळी नाही, त्यामुळे घर मोडलं तरी ती अंगावर येत नाही. हातात पकडलीत तरच डसेल. तिचा त्रास वेगळा : तिला भोकं आवडतात. कुलूप, एसीची पाण्याची नळी, वापरात नसलेला प्लग. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बिर्गेनएअरचं विमान समुद्रात पडलं आणि 189 माणसं गेली. वेग मोजणारी नळी तुंबली होती, आणि तपास करणाऱ्यांचा संशय होता कुंभारणीवर. विमान बरेच दिवस उभं होतं आणि नळीवर झाकण नव्हतं. तेव्हा गावी जाताना एसीच्या नळीला जाळी बांधा.

आणि भिंतीवरचा गोळा? त्याला भोक पडलेलं असेल तर आतली माशी केव्हाच उडालीय. पटाशीने खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, स्प्रेचे पैसे वाचवा. भोक नसेल तर आत डबा चालू आहे. वाटेत नसेल तर काही आठवडे थांबा, भोक पडलं की मग खरवडा.